हर्शस्प्रुंगच्या शस्त्रक्रियेनंतर १४ महिन्यांच्या भाच्याला घरी आजी सांभाळणार आहे. तिला काय आणि कसे शिकवावे?

प्रश्न : बाळाचा मामा, प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

माझ्या बहिणीचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. जन्मल्यानंतर तीन दिवस त्याला शी झाली नाही, पोट ताणले गेले आणि हिरवी उलटी सुरू झाली, तेव्हा तालुक्याच्या गावाहून त्याला छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागले. तेथे गुदाशयाचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर हर्शस्प्रुंग या आतड्याच्या जन्मजात आजाराचे निदान झाले आणि पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढण्यात आली. दहाव्या महिन्यात मोठी शस्त्रक्रिया होऊन पोटावरची वाट बंद झाली. त्याला आता चार महिने झाले. या चार महिन्यांत एकदा त्याचे पोट फुगून ताप आला होता, तेव्हा पाच दिवस पुन्हा दवाखान्यात ठेवावे लागले आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी बहिणीला नळीने आतडे धुण्याची पद्धत दाखवली.

अडचण पुढे आहे. बहीण आणि दाजी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली आहे आणि ती जोडप्याच्या कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांनी मिळून काम करण्याच्या बोलीवर, घेतलेली असल्यामुळे एकट्या दाजींनी जाऊन भागत नाही. बाळाला कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) नेणे योग्य नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, म्हणून साधारण मार्चपर्यंत तो बहिणीच्या सासूबाईंकडे राहील. त्या साठीच्या घरातल्या आहेत, कामाला खंबीर आहेत, नातवावर त्यांचा जीव आहे, परंतु त्यांना वाचता येत नाही आणि नळी हातात घ्यायची त्यांना भीती वाटते. सध्या बाळाला दिवसातून सात-आठ वेळा पातळ शी होते आणि गुदद्वाराभोवतीची कातडी लाल होऊन सोलली आहे. ही नेहमीची पातळ शी कोणती आणि धोक्याची कोणती, हे आजींनी कसे ओळखावे? आतडे धुण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे का? सोपवायचे असल्यास त्यांना कसे शिकवावे?

आणखी एक गोष्ट विचारतो. बहिणीने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असे घरात अधूनमधून बोलले जाते. ती ऐकून घेते आणि गप्प बसते. याला कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे?

उत्तर १ : निवृत्त परिचारिका, बालशस्त्रक्रिया कक्ष, नांदेड

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण आजींना आजार नीट समजला तरच त्या पुढचे सारे मन लावून शिकतील. आतड्यातला मळ पुढे सरकतो तो आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या पेशींमुळे. गर्भ आईच्या पोटात साधारण पाच ते बारा आठवड्यांचा असताना या पेशी वरून खाली प्रवास करत आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचतात. काही बाळांमध्ये त्या वाटेतच थांबतात. जिथे पेशी नाहीत तो भाग आखडलेला राहतो, ढिला पडत नाही, आणि त्याच्या वरचे आतडे मळ आणि वायू साठून फुगते. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच अधिक आढळतो. ग्रहण, खाणेपिणे, आईने केलेले कष्ट यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. आजींना सांगा की रानातल्या पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले नाही, तसे हे झाले आहे. त्यात पाणी धरणाऱ्याचा दोष नाही. हे आपण बहिणीच्या समोर, सगळ्या घराला बसवून सांगावे असे मला वाटते. नुसते आजींच्या कानावर घालून ते बोलणे थांबणार नाही.

आता धोक्याची गोष्ट. शस्त्रक्रियेत पेशी नसलेला भाग काढून चांगले आतडे खाली आणून जोडतात, तरीही या मुलांच्या आतड्याला सूज येण्याचा धोका राहतो. डॉक्टर त्याला एंटेरोकोलायटिस म्हणतात. आपल्या भाच्याला मागे जो ताप आणि पोटफुगी झाली ती बहुधा हीच असावी. घरी पाठवतानाच्या कागदावर तसे लिहिले आहे का, ते पाहा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष यासाठी सर्वांत जपण्याचे असते आणि दुसऱ्या वर्षीही लक्ष ठेवावे लागते. मळ अडून राहतो, त्यात जंतू वाढतात, आतड्याचे अस्तर सुजते आणि जंतूंचे विष रक्तात गेले तर काही तासांत बाळ हाताबाहेर जाऊ शकते. मी कक्षात असताना जी मुले उशिरा आली, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी “नुसते जुलाब आहेत” असे समजून दोन दिवस वाट पाहिली गेली होती. आजही त्या आया माझ्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिते आहे.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दिवसातून सात-आठ वेळा पातळ शी होणे सुरुवातीच्या महिन्यांत नेहमीचेच असते आणि ते हळूहळू कमी होते. अशी शी करणारे बाळ खेळते, खाते, हसते आणि त्याचे पोट मऊ असते. धोक्याची शी वेगळी असते. तिला नेहमीपेक्षा निराळी, कुजकट दुर्गंधी येते, ती एकदम जोराने वाऱ्यासह फवाऱ्यासारखी बाहेर पडते, पोट फुगून टणक होते, बाळ पिणे सोडते, मलूल होते, ताप येतो, कधी उलटी होते, तर कधी शीत रक्त दिसते. काही वेळा याच्या उलट घडते, म्हणजे शी पूर्ण थांबते आणि पोट वाढत जाते. आजींनी शी किती वेळा झाली हे मोजत बसू नये, पोट आणि बाळाचा चेहरा पाहावा. त्यासाठी मी एक साधी युक्ती शिकवत असे. बाळ चांगले असेल त्या दिवशी सकाळी, दूध पाजण्याआधी, बेंबीवरून एक सुती दोरा गुंडाळून जिथे तो पुरतो तिथे गाठ मारावी आणि दोरा देवघरात ठेवावा. रोज सकाळी त्याच दोऱ्याने पोट मोजावे. गाठ जुळत नसेल, मध्ये दोन बोटांचे अंतर पडत असेल, तर पोट फुगले आहे. वाचता न येणाऱ्या बाईलाही हे माप चुकत नाही. कमरेचा करदोडा रुतायला लागला, तरी आपल्याकडच्या आज्यांच्या ते आधी लक्षात येते. मग करदोडा सैल करून बाळाला नीट तपासावे.

आतडे धुण्याबद्दल माझे मत असे आहे की ते आजींना शिकवावेच, कारण पोट फुगल्यावर वायू आणि मळ बाहेर काढणे हा उपचाराचाच भाग आहे आणि आपल्या गावाहून मोठा दवाखाना काही तासांवर आहे. मात्र कधी धुवायचे, किती आणि कोणत्या मापाच्या नळीने, हे बाळाच्या शल्यचिकित्सकांनीच ठरवून द्यायला हवे. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी परवानगी देण्यापूर्वी गुदद्वारात काहीही घालायचे नसते. आपल्याकडे ती परवानगी मिळालेली दिसते, तरी पुन्हा विचारून घ्या. पद्धत अशी असते. वापरायचे ते ०.९ टक्क्यांचे सलाईन, साधे पाणी कधीही नाही, कारण साधे पाणी आतड्यातून शोषले जाऊन रक्तातले मीठ उतरते आणि बाळाला झटके येऊ शकतात. साबणाचे पाणी, एरंडेल, तयार एनिमा यांपैकीही काही नाही. सलाईनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करावी. बाळाला पाठीवर किंवा डाव्या कुशीवर निजवावे, मऊ नळीला जेली लावून ती डॉक्टरांनी खूण केली असेल तेवढीच हळूच आत सरकवावी. अडली तर जोर करू नये. किंचित मागे घेऊन थोडे सलाईन सोडावे आणि पुन्हा पाहावे. सिरिंजने एका वेळी १० ते २० मिली आत सोडून सिरिंज काढावी आणि नळीचे टोक खालच्या भांड्यात धरून ते आपोआप बाहेर येऊ द्यावे. मग पुन्हा तेवढेच. बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत आणि पोट मऊ पडेपर्यंत हे करायचे, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या एकूण मापापलीकडे जायचे नाही. एनिमात पाणी आत ठेवायचे असते आणि धुण्यात ते बाहेर आणायचे असते, हा फरक आजींना नीट समजवा. आत किती गेले आणि बाहेर किती आले हे प्रत्येक वेळी पाहायलाच हवे. सलाईन परत येत नसेल, रक्त आले किंवा बाळ एकाएकी निपचित झाले, तर धुणे थांबवून निघायचे. धुतल्यावर पोट उतरले पण ताप किंवा मरगळ राहिली, तरीही निघायचे. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नये.

शिकवण्याविषयी एवढेच सांगते की दाखवून माणूस शिकत नाही, स्वतः करून शिकतो. आजींना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि परिचारिकेच्या समोर त्यांच्याच हाताने तीन वेळा करवून घ्या. पहिल्या वेळी त्यांचा हात थरथरेल, तिसऱ्या वेळी थरथरणार नाही. नंतर त्यांना विचारा, “पोट फुगलं आणि ताप आला तर तुम्ही काय काय कराल, आधी काय, मग काय?” त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले, तरच त्या शिकल्या असे समजा. नुसती मान डोलावली तर पुन्हा शिकवा. आणि एकट्या आजींना शिकवू नका. त्या स्वतः तापाने आडव्या झाल्या तर काय, याचा विचार करून आपण आणि घरातले आणखी एक माणूस तयार असले पाहिजे.

उत्तर २ : ९ वर्षांच्या मुलाची आई, परभणी

दादा, वरच्या ताईंनी जे लिहिले ते मी भोगले आहे. माझ्या मुलाची शस्त्रक्रिया झाल्यावर सहाव्या महिन्यात, मेच्या उन्हाळ्यात, त्याला फेसाळ जुलाब सुरू झाले. उन्हाळ्याचे दिवस, दात येत होते, म्हणून आम्ही ते ऊन लागल्याचे समजलो. गावातल्या डॉक्टरांनी जुलाब थांबवण्याचे औषध दिले. शी खरोखरच थांबली आणि आम्हाला बरे वाटले, पण त्या रात्री त्याचे पोट इतके चढले की त्याला श्वास घेता येईना. मोठ्या दवाखान्यात त्याला सलाईन लावून, आतडे दिवसातून तीन वेळा धुऊन आणि प्रतिजैविके देऊन वाचवले. या मुलांना आपल्या शल्यचिकित्सकांना न विचारता जुलाब बंद करणारे औषध कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते. गावातल्या डॉक्टरांचा दोष मी काढत नाही; त्यांना या आजाराची माहिती आम्ही दिलीच नव्हती. तेव्हापासून मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून बाळाच्या दुपट्याला लावून ठेवत असे. त्यावर आजाराचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, नळीचे माप, शल्यचिकित्सकांचा फोन आणि मोठ्या अक्षरांत “पोट फुगले असल्यास एंटेरोकोलायटिसचा विचार करावा” असे लिहिले होते. आजींना वाचता येत नाही म्हणून तर तो कागद अधिक गरजेचा आहे, कारण दवाखान्यात तो त्यांच्या वतीने बोलेल.

सोललेल्या कातडीबद्दल सांगते. तो त्रास बाळाला फार असतो आणि आजींच्याही डोळ्यांत पाणी येईल असा असतो. प्रत्येक शीनंतर कोमट पाण्याने धुवावे, घासू नये, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने टिपून घ्यावे. ओले पुसायचे सुगंधी कागद वापरू नयेत. कोरडे झाल्यावर झिंक ऑक्साईडचे मलम पाट्यावरून वाटण काढावे तसे जाड थापावे. पुढच्या वेळी सगळे मलम खरवडून काढायचे नाही. वरची शी टिपून घ्यायची आणि पुन्हा थर द्यायचा. दुपारी तासभर लंगोट न बांधता मोकळे ठेवले की कातडी लवकर भरते. कातडीवर बारीक लाल पुरळ पसरले तर ती बुरशी असू शकते. त्याला मलम वेगळे लागते, ते डॉक्टरांकडूनच घ्यावे. आमच्याकडे टँकरचे पाणी येत असे, त्यामुळे धुण्याचे पाणी मी उकळून, निववून वेगळ्या तांब्यात झाकून ठेवत असे.

खाण्यात माझ्या अनुभवाने मऊ भात, मुगाचे वरण, केळे, दही आणि ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी चालली. चहात बुडवलेली बिस्किटे, गुळाचे पाणी, बाटलीतले गोड रस आणि दुकानातली रंगीत पेप्सी यांनी शी पातळ होऊन कातडी जळत असे. आज्या लाडाने नेमके तेच देतात. रागावून उपयोग नाही. माझ्या सासूबाईंना मी दोन दिवस गोड बंद करून कातडीतला फरक डोळ्यांनी पाहायला लावला, त्यानंतर त्यांनीच शेजारणींना बजावले.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या मुलांना शी-शूचे वळण उशिरा लागते आणि कधी शाळेतही कपडे खराब होतात. माझा मुलगा पहिलीत असताना त्याला त्यावरून मार बसला होता. नंतर मी त्याला दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटे बसवायला लागले, दप्तरात कपड्यांचा एक जोड दिला आणि शाळेच्या बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. आपण स्वतः शिक्षक आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आपल्या वर्गातही असे एखादे मूल बसलेले असू शकते.

उत्तर ३ : आशा स्वयंसेविका, बीड जिल्हा

सर, बाळाच्या आईने या एका हंगामात राहता आले तर राहावे, असे मी माझ्या गावातल्या अशा कोणत्याही घरी सांगितले असते. उचल फिटत नाही, मुकादम ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या गावातली अर्धी घरे दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. कोयत्यात दाजींसोबत दुसरे कोणी जोडीला जाऊ शकते का, एवढे तरी मुकादमाशी बोलून पाहावे. तसे जमले नाही, तर जाण्यापूर्वी गावातल्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला बाळाच्या घरी बोलावून कागद दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत मुलांना तपासायला येते, त्यांच्या नोंदीत या बाळाचे नाव घालून घ्या आणि दर महिन्याला वजन करा. वजन थांबले तर ते शल्यचिकित्सकांना कळवायचे आहे.

वाहनाचे आधी ठरवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते, पण आमच्या वस्तीवर रात्री ती शोधत येण्यात वेळ जातो, म्हणून शेजारी ज्याची जीप आहे त्याच्याशीही आजच बोलून ठेवा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शिरेतून सलाईन सुरू करून पुढे पाठवा असे सांगता येते, पण “सकाळपर्यंत बघू” याला मान्यता देऊ नका. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला एका पिशवीत आजींकडे ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातले आरोग्यमित्र हेच मागतात, आणि ही कागदपत्रे आईवडिलांसोबत कारखान्याच्या फडात गेलेली असल्यामुळे अडलेली माणसे मी पाहिली आहेत.

आणि पोट फुगले की बिब्ब्याचा चटका द्या असे सांगणारी एखादी म्हातारी प्रत्येक वस्तीवर असते. तसे मुळीच करायचे नाही, हे आजींना आधीच समजावून सांगा, कारण ऐन वेळी घाबरलेल्या माणसाला तेच आठवते.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

आपणा तिघींचा मी ऋणी आहे. काल आजींना घेऊन तपासणीला गेलो होतो. दाजींच्या जागी त्यांचा चुलतभाऊ आणि त्याची पत्नी कोयता धरायला तयार आहेत का, याची बोलणी चालू आहेत. जमले तर बहीण जानेवारीपर्यंत तरी घरी राहील. ग्रहणाची गोष्ट मी रविवारी सर्वांसमोर काढली आणि पाटाच्या पाण्याचे उदाहरण दिले. आजी काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी बहिणीला म्हणाल्या, “तू जेवून घे, मी बघते त्याच्याकडे.”

कक्षातल्या परिचारिकेने आजींकडून तीन वेळा आतडे धुऊन घेतले. डॉक्टरांनी नळीवर पट्टी चिकटवून खूण करून दिली आहे आणि पोट गाठीपेक्षा वाढले तर आधी फोन करून मग धुवायला सांगितले आहे. ताप असेल तर एकदा धुऊन लगेच निघायला सांगितले आहे. दोऱ्याची गाठ त्यांनाही आवडली. एक शंका मात्र राहिली. तिसऱ्या वेळी आजींनी २० मिलीच्या आठ सिरिंजा, म्हणजे १६० मिली सोडले आणि भांड्यात मोजले तर १४५ भरले. परिचारिका दुसऱ्या बाळाकडे गेली होती म्हणून विचारता आले नाही. उरलेले १५ मिली आत राहिले असतील तर चालते का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, नांदेड

एवढा थोडा फरक पडतो, कारण काही सलाईन नळीच्या कडेने दुपट्यात जाते आणि काही नंतर शीबरोबर बाहेर येते. बाळाचे पोट मऊ असेल आणि ते पीत असेल, तर काळजीचे कारण नाही. मात्र आत गेलेल्यातले निम्मेच परत आले, किंवा दोन-तीन वेळा ओळीने कमी येत गेले, तर पुढची सिरिंज भरायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. यापुढे बाळाच्या खाली घडी केलेले कोरडे फडके ठेवायला आजींना सांगा. फडके किती भिजले हे हाताला लागले की सांडलेले किती आणि आत राहिलेले किती, याचा अंदाज त्यांना येईल.